आळवाच्या वाफ्यातला चार नंबर

परवा संस्थेचे चेअरमन घरी आले. म्हणाले, "तात्या, संस्थेची स्मरणिका काढायची हाय. तुमचा सत्कार ठरलाय. फेटा, शाल, सगळं. तेवढी दोन-चार पानं लिहून द्या की. जुन्या पाण्याच्या आठवणी."

मी चौथी शिकलेला माणूस. पेन धरलं की कुदळीचा दांडा धरल्यासारखी मूठ आवळते आणि कागदाला भोक पडतं. तरी हो म्हणालो. एक अट घातली. लिहीन ते सगळं छापायचं, नाहीतर एक ओळसुद्धा छापायची नाही. चेअरमन हसले. "तुमचा हट्ट काय नवा हाय व्हय?" म्हणाले. पुढचं वाचून हसतात का बघू.

जुन्या पाण्याबद्दल मी लिहिणार नाही. मी नेसरीच्या बाईंबद्दल लिहिणार आहे. सत्काराच्या आधी गावाला हे कळलं पाहिजे. मग कुणाच्या डोक्याला फेटा बांधायचा ते गावानं ठरवावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावाला पंचगंगेचं पाणी संस्थेच्या मोटारीनं वर चढतं आणि पाटानं रानारानात फिरतं. ते कुणाच्या रानात कधी आणि किती वेळ सोडायचं हे बघणारा तो पाटकरी. तो मी. प्रत्येकाची पाळी ठरलेली. उन्हाळ्यात पाळीवरनं इतर गावांत डोकी फुटतात. आमच्या गावात फुटली नाहीत. कारण मी कुणाचा पाव तास मारला नाही, कुणाला पाव तास जास्त दिला नाही. सख्ख्या भावालाही नाही. "तात्या म्हणाला" म्हटलं की भांडण मिटायचं. एवढीच माझी कमाई. आणि तिच्यावरच मी माती टाकली.

बाई पहिल्यांदा आल्या त्या स्कूटरवरनं. पन्नाशी उलटलेली बाई. सुती पातळ, पायात पळायचे बूट, खांद्याला कॉम्प्युटरची काळी पिशवी. पिशवीतनं खुरप्याची मूठ बाहेर आलेली. कोल्हापुरात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या, राहायला राजारामपुरीत, माहेर नेसरी. चेअरमनची पोरगी त्यांच्या हाताखाली शिकत होती, त्या ओळखीनं आलेल्या.

आवाज हा असा. लांबच्या रानातल्या माणसाला हाक मारावी तसं त्या शेजारच्या माणसाशी बोलायच्या. म्हणायच्या, "आमच्या आप्पांच्या इंजिनापाशी वाढलो की हो मी. हळू बोललेलं कुणाला ऐकू यायचं न्हाई." बाई असून 'मी आलो, मी बघतो' असं बोलायच्या. नेसरीकडं बायकांची तशीच रीत. आमच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. बाईंना त्याचं काही नव्हतं.

बाईंची एक सवय गावात लगेच माहीत झाली. रानात शिरल्या की वाकायच्या, चिमूटभर माती उचलायच्या, वास घ्यायच्या आणि जिभेवर ठेवायच्या. मग थुंकून टाकायच्या आणि सांगायच्या, "गोडी हाय अजून." नाहीतर, "हितं मीठ चढलंय." पहिल्या दिवशी माझ्या थोरल्या भावाच्या, धोंडीआण्णाच्या रानात त्यांनी असं केलं. माझं रान वर, धोंडीआण्णाचं रान खाली, ओढ्याच्या कडेला. बाईंनी माती चाखली आणि तोंड वाकडं केलं. आण्णा म्हणाला, "काय हो बाई, आमटीत मीठ जास्त झालं काय?"

"तुमच्या आमटीत न्हाई आण्णा, वरच्यांच्या. ती पाणी पाजत्यात, मीठ तुमच्याकडं येतंय."

वरच्यांच्या म्हणजे माझ्या. ते बोलणं मला पहिल्याच दिवशी लागलं.

पण खोटं नव्हतं. ऊस उभा आहे आणि पाळी आली आहे, तर पाणी घ्यायचंच, ही आमची रीत. रान ओलं असो नाहीतर वाळलेलं असो. पाळी सोडली तर पुढची कधी येईल कुणाला भरवसा? म्हणून वरची सगळी रानं नुसती तुंबायची. ते पाणी जमिनीखालनं झिरपत खाली आण्णाच्या रानात जायचं आणि ऊन पडलं की सरीच्या माथ्यावर पांढरं फुटायचं. त्या वर्षी ते अजून थोडं होतं. परातीला पीठ लागून राहावं तेवढं. आण्णा ते खुरप्यानं खरवडायचा आणि माझ्याकडं बघायचा नाही.

बाईंनी त्यावर उपाय आणला होता तो डब्यातला. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. त्यात पोरांनी टाकून दिलेल्या जुन्या मोबाइलची यंत्रं. झाकणावर तळहाताएवढी उन्हावर चालणारी पाटी. डब्यातनं एक वायर खाली, तिला वीतभर लांब सळी, ती मातीत खुपसायची. डबा बांबूला बांधून सरीत उभा करायचा. असे नंबर घातलेले चार डबे. माती खाली किती ओली आहे हे ती सळी डब्याला सांगणार आणि डबा मोबाइलला. संस्थेच्या हापिसात एक जुना मोबाइल भिंतीला टांगला होता. ओलं असलं की हिरवा ठिपका, वाळलं की तांबडा.

त्यांना काही टाकायला म्हणून आवडायचं नाही. संपलेले सेल बिस्किटाच्या डब्यात गोळा करून कोल्हापूरला परत न्यायच्या. म्हणायच्या, "पाणी वाचवायला आलो आणि तुमच्याच मातीत इख सोडून गेलो, असं नको व्हायला." हिशेबाचे, आकड्यांचे कागद पोरांच्या जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूला छापायच्या. आण्णानं एकदा पालथं करून बघितलं आणि म्हणाला, "ह्या पोराला बारा मार्क पडल्यात की हो." बाई म्हणाल्या, "तो आता बंगलोरला मोठ्या कंपनीत हाय आण्णा. रान बरं होतंय, पोरगं पण होतंय."

आता माझ्या पायाची गोष्ट. मी अनवाणी सरीत उभा राहिलो की रानाला पाणी पाहिजे की नको ते सांगायचो. गाव मानायचं. बाईंनी पहिल्या शनिवारी दहा-वीस लोकांत मला विचारलं, "तात्या, हे रान काय म्हणतंय?" मी पाय ठेवला. वर माती गरम, भुगा झालेली. म्हणालो, "पाणी मागतंय." बाईंनी सळी खुपसली. ठिपका हिरवा. मी म्हणालो, "तुमचा डबा गंडलाय." बाईंनी पिशवीतनं खुरपं काढलं. खाली बसल्या आणि खुरप्यानं उकरायला लागल्या. हातभर उकरलं आणि खालची माती मुठीत दाबली. लाडू वळला.

चेअरमन ओरडले, "तात्या, झाली की सुट्टी! आता डबाच पाटकरी!"

लोक हसले. आण्णा पण हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. उठून माझ्यापाशी आल्या आणि माझ्यासाठी म्हणून हळू बोलल्या, पण त्यांचं हळू सगळ्या रानाला ऐकू गेलं. "पाय चुकला न्हाई तात्या. पाय वरचं सांगतोय, सळी खालचं सांगतीया. दोन्ही पाहिजेत." त्या मला सावरत होत्या. मला वाटलं, शहरातली बाई माझी कीव करतीया. हे मला फार लागलं. त्याच तिरीमिरीत मी म्हणालो, "चौथा डबा माझ्या रानात घाला. उन्हाळाभर. डबा म्हणंल तवाच पाणी घेतो. बघू ऊस कुणाचं ऐकतोय."

असं ते ठरलं. होळीपासनं पावसापर्यंत चार रानांत चार डबे. डबा म्हणेल तेव्हाच पाणी. ऊस टिकला तर पुढच्या साली वरच्या सगळ्या रानांत डबे बसवायचे आणि पाळ्या त्यावर लावायच्या, असा संस्थेनं ठराव केला. म्हणजे आण्णाचं रान वाचलं असतं. हे मला ठाऊक होतं. पुढं जे केलं ते हे ठाऊक असताना केलं.

बाई दर दुसऱ्या शनिवारी यायच्या. दुपारी बांधावर आमच्यात जेवायला बसायच्या. भाकरी, ठेचा, कांदा. माझ्या बायकोला, हौसाला, 'आक्का' म्हणायच्या. जेवता जेवता पुढचं सांगायच्या. म्हणायच्या, "आक्का, आणि धा-पंधरा वर्षांनी बघा. रान स्वतः सांगंल मला तहान हाय म्हणून. नदीत पाणी किती, पाऊस कधी येणार, लाइट कवा हाय, सगळं एकमेकांशी बोलंल. मोटार आपली आपण चालू हुईल, लागंल तेवढंच पाणी उचलंल आणि बंद हुईल. नदी उन्हाळ्यात पण वाहती राहील बघा. आण्णांच्या रानात पुन्हा हरभरा येईल."

हौसा डोळे मोठे करून ऐकायची. मी विचारलं, "मग पाटकरी कशाला?"

बाई भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या. "अवो, यंत्र खोटं पडलं तर त्याला खोटं म्हणणारा माणूस नको व्हय? त्यो पाटकरीच. त्याच्याशिवाय माझे डबे म्हणजे नुसतं श्रीखंड."

चांगलं बोलल्या होत्या. पण मी त्यातलं एवढंच धरलं, की यंत्र खोटं पडलं पाहिजे.

आता सांगायला लाज वाटते, पण अटच तशी घातली आहे मी. एक दिवस तालुक्याला गेलो आणि श्रीखंडाचा डबा आणला, तसाच, त्याच रंगाचा. घरात पाचजण. सणवार नसताना श्रीखंड बघून सगळे खूश. हौसा म्हणाली, "आज काय हो एवढं?" मी म्हणालो, "खा गप." डबा धुऊन घेतला. रानात जाऊन बाईंचा चार नंबर काढला आणि त्या बांबूला माझा रिकामा डबा बांधला. वायरचा एक तुकडा मातीत खोचला. झाकणावर उन्हाची पाटी पाहिजे म्हणून हौसाच्या पेटीतला फुटक्या आरशाचा तुकडा चिकटवला. लांबनं बघणाऱ्याला काही कळत नव्हतं.

आणि खरा चार नंबर घरी नेला. आमच्या न्हाणीच्या मागं आळवाचा वाफा आहे. घरातल्या अंघोळीचं सगळं पाणी तिथं जातं. डबा न्हाणीच्या कौलावर उन्हात ठेवला, सळी आळवाच्या चिखलात खुपसली.

झालं. हापिसातला चौथा ठिपका हिरवाच राहिला. बाकीचे तीन तांबडे व्हायचे, पाणी मिळालं की हिरवे व्हायचे. चौथा आपला सदा हिरवागार. आणि डबा म्हणतोय ओलं आहे, तर मी पाणी घेणार कसा? माझी पाळी आली की मी मोठ्यानं सांगायचो, "आमच्या डब्याला तहान न्हाई बाबांनो. पुढच्याला सोडा." वैशाखात माझ्या उसाची पानं गुंडाळली. मग पिवळी पडली. लोक बांधावर थांबून बघायचे आणि हळहळायचे. मी स्वतःच्या हातानं लावलेला ऊस उभा वाळत होता आणि मी मनातनं खूश होतो. असला माणूस मी.

त्या दिवसांत हौसाला ताप आला. तीन दिवस अंथरुणाला. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "तात्या, आक्का बऱ्या हायत न्हवं?"

मी चमकलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मनात आलं. त्यांना पेज द्या, ताक देऊ नका." आणि मग, आवाज थोडा खाली आणून, "आणि तात्या, उसाकडं बघून पाणी द्या. डब्याचं ऐकू नका. चुकतंय काहीतरी. तुम्ही पाटकरी हाय, तुम्ही खोटं म्हणा त्याला, मी मानतो."

बाईंनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मी म्हणालो, "न्हाई बाई. ठरलंय ते ठरलंय." मग म्हणाल्या, "बरं."

पुढच्या शनिवारी त्या आल्या. माझ्या रानात शिरल्या. मी मागं. त्या बांबूसमोर उभ्या राहिल्या. झाकणावरच्या आरशाच्या तुकड्यात त्यांनी वाकून बघितलं. कपाळावरची टिकली घामानं सरकली होती, ती बोटानं नीट मधे बसवली. केसांची बट कानामागं सारली. मग वाळक्या उसावरनं एकदा हात फिरवला, जनावराच्या पाठीवरनं फिरवतात तसा, आणि गेल्या. चिमूटभर माती उचलली नाही त्या दिवशी. मी मनात म्हणालो, एवढी शिकलेली बाई आणि आरशाला फसली.

मृगाच्या तोंडावर संस्थेची सभा झाली. त्या दिवशी पहाटेच मी खरा डबा परत बांबूला बांधला आणि माझा मोडून चुलीत घातला. सभेला सगळं गाव. चेअरमन म्हणाले, "बाई, तीन डबे ठीक. पण तात्याच्या रानात डबा ओलं म्हणत राहिला आणि ऊस मेला. उद्या सगळ्यांचा मरंल. जबाबदार कोण?"

बाई उठल्या. हातात त्यांचे ते पाठकोरे कागद. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात मास्तर एखाद्या पोराकडं बघतो ना, उत्तर येतं ह्याला, उठेल आता, तसं. मी वहाणांकडं बघत होतो. डाव्या वहाणेचा अंगठा तुटायला आला होता, ते मला अजून आठवतं. किती वेळ गेला सांगता यायचा नाही. सभा चुळबुळायला लागली.

मग बाईंनी कागदांची घडी घातली आणि त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "जबाबदार मी. चार नंबरचं वाचन मी नीट बघायला पाहिजे होतं. चूक माझी झाली."

धोंडीआण्णा एकटा उठला. "एक साल आणि बघू की. माझं रान..." पण लोकांनी पुढचं ऐकलं नाही. डबे काढायचा ठराव झाला. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा हात सगळ्यांच्या आधी वर होता.

सभेनंतर बाई माझ्या रानात डबा घ्यायला आल्या. सळी मातीतनं ओढून काढली. सळीला वर माझ्या रानाची वाळकी माती होती आणि खाली, आतल्या बाजूला, काळा वाळलेला थर. मी घाईत पुसली नव्हती. बाईंनी सवयीनं नखानं तो थर खरवडला, वास घेतला आणि जिभेवर ठेवला. मी बघत होतो. न्हाणीतला चिखल. अंघोळीचा साबण त्यात, शिकेकाई, सगळं.

त्यांनी बाजूला तोंड करून थुंकलं. पदरानं ओठ पुसले. आणि म्हणाल्या, "तात्या, औंदा आळू चांगला आला असंल तुमचा."

मी रिकामा बांबू उपटायला लागलो.

"चार पानं द्या की. वड्या करतो."

मी घरी गेलो आणि आळवाची जुडी घेऊन आलो. मोठी मोठी, हत्तीच्या कानाएवढी पानं. बाईंनी ती स्कूटरच्या पुढं ठेवली, चार नंबर पायाशी ठेवला आणि गेल्या. बाईंनी ओळखलंय हे मला त्याच वेळी कळलं होतं. पण कळलं नाही, कळलं नाही, असं मी मला पुढं तीन वर्षं सांगत होतो.

त्या तीन वर्षांत आण्णाचं रान गेलं. पहिल्या साली ऊस गुडघ्याएवढा होऊन थांबला. दुसऱ्या साली उगवला तिथंच पिवळा. तिसऱ्या साली आण्णानं लावण करायचं सोडलं. सकाळी ऊन पडलं की ते रान असं लखलखायचं की डोळ्यांवर हात धरावा लागे. आणि वर मी पाळ्या लावत होतो, एकाही माणसाचा पाव तास न मारता.

एका सकाळी त्या पांढऱ्या रानाच्या बांधावर आण्णा बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. त्यानं टोपीतनं घडी केलेला कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "बघ."

पाठीमागं कुणाचा तरी परीक्षेचा पेपर. पुढच्या बाजूला एक रेघ. पायऱ्यांसारखी वर चढत जाणारी, मग उतरणारी, पुन्हा चढणारी. रोज सकाळी पाच पायऱ्या. बाईंच्या अक्षरात शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं. 'माणसं पाच.' सोमवारच्या पायरीशी, 'केस धुतले.' आणि एका जागी तीन दिवस चारच पायऱ्या. तिथं लिहिलं होतं, 'आक्का आजारी? फोन करणे.'

आण्णा म्हणाला, "मला काय दिसत नव्हता व्हय रं डबा तुझ्या कौलावर? माझं परडं तुझ्या परड्याला लागून. सभेच्या आधी मी राजारामपुरीला बाईंच्या घरी गेलतो सांगायला. डब्याचे आकडे त्यांच्या मोबाइलवर पण जायचे, त्यावरनं काढलेला ह्यो कागद त्यांनी मला दिला. म्हणाल्या, मला तिसऱ्याच दिवशी कळलंय आण्णा."

"मग सभेत बोलल्या का न्हाईत?"

"मी पण त्येच विचारलं. म्हणाल्या, डबा मोडला तर मी दुसरा करीन. पण तात्या खोटं वागला हे एकदा गावाला कळलं, तर उद्या पाळीवरनं भांडण लागल्यावर गाव कुणाचं ऐकंल? ते काय श्रीखंडाच्या डब्यात भरून आणता येतंय काय? म्हणाल्या, त्येंचे त्ये सांगतील. वाट बघू. मला शपथ घातली गप बसायची."

"आणि तू गप बसलास? तुझं रान चाललंय बघून?"

आण्णा माझ्याकडं वळला नाही. रानाकडंच बघत म्हणाला, "मी पण वाटच बघत होतो की रं."

त्याच्यानंतर लगेच मी बोलायला पाहिजे होतं. आण्णाचे पाय धरायला पाहिजे होते, चावडीत जायला पाहिजे होतं. मी उठलो, धोतर झटकलं आणि म्हणालो, "पाळी बदलायची हाय, मोटार बघून येतो." आणि गेलो. आण्णा पुढच्या थंडीत वारला. त्यानं कधी परत विषय काढला नाही. तो कागद माझ्यापाशी आहे.

बाईंना शेवटचं बघितलं ते कळंब्याला, तलावावर. कॉलेज सोडून त्या पेन्शनीत निघाल्या होत्या, तरी तलावातलं पाणी मोजायचा डबा त्यांनी तिथं बसवला होता, असं चेअरमनच्या पोरीकडनं कळलं. मी आळवाची जुडी ओल्या फडक्यात बांधली, एसटीनं कोल्हापूर आणि तिथनं पुढं रिक्षा. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. 'बाई, चार नंबर मी हलवला.' एवढंच. पाच शब्द. चौथी शिकलेल्या माणसाला अवघड नाहीत.

सकाळची वेळ. लोक फिरायला आलेले. बाई कडेच्या पाण्यात गुडघाभर उभ्या, पातळ वर खोचलेलं, केस सगळे पांढरे झालेले. समोर पाण्यात खांब, त्याला डबा. आता श्रीखंडाचा नव्हता, चांगला होता. तरी बाईंच्या हातात खुणा केलेली काठी होती. डबा सांगतो ते काठीनं ताडून बघत होत्या. त्यांची ती रीतच. आधी यंत्राला विचारायचं, मग स्वतः वाकायचं.

मी काठावर उभा राहिलो. त्यांनी मान वळवली, कपाळावर हात धरला आणि ओळखलं. सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोण, तात्या? अवो या की! आक्का बऱ्या हायत?"

"हायत बऱ्या."

"आणि आण्णा?"

मी मान हलवली. बाईंच्या हातातली काठी जरा खाली गेली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रान?"

"पांढरं."

बाई पाण्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता. मी तोंड उघडलं. "बाई, त्यो चार नंबर..."

त्यांनी डावा हात वर केला. रागानं नाही. आकडा अर्धा वाचून झाला होता, तो चुकेल म्हणून. पाठ माझ्याकडं करून त्या काठीवर वाकल्या आणि म्हणाल्या, "थांबा तात्या, एवढं वाचून घेतो. मग निवांत बोलू."

मी त्यांच्या पाठीकडं बघत होतो. त्या मोठ्यानं आकडे म्हणत होत्या, काठीवरच्या खुणा बोटानं मोजत. फार तर दोन मिनिटांचं काम होतं. स्कूटर काठावर लावलेली होती. आळवाची जुडी मी तिच्या हँडलला अडकवली.

आणि मी थांबलो नाही.